शेवंडाचा डबा

बाबा बोटीवरून घरी येणार असला की ते आमच्याकडे वासावरून कळायचं. आदल्या संध्याकाळी आई आमसुलं भिजत घालायची, हौगांगच्या बाजारातून तिसऱ्यांचे शिंपले आणून मिठाच्या पाण्यात ठेवायची, आणि आमचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट दुसऱ्या दिवसापर्यंत वेंगुर्ल्यासारखा वास मारायचा. आई एका बँकेच्या आयटी विभागात होती आणि तिच्याच नोकरीच्या पासवर आम्ही सिंगापुरात राहत होतो. बाबा मरीन इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर, अडीच-तीन महिने घरी. लिफ्टचा टिंग आवाज आला की आई ऑफिसच्या कपड्यांतच दारात उभी राहायची आणि त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायची. भाकरी घरात कधीच नसायची, म्हणून ब्रेडचा तुकडा. तो कॉरिडॉरमध्ये टाकला तर दंड होईल, म्हणून ओवाळून झाल्यावर ती तो आमच्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची. दृष्ट आमच्या घरी मुक्कामाला राहिली ती अशी, असं मी आता म्हणते. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटत नसे.

इतर मुलींचे बाबा परदेशातून चॉकलेटं आणायचे. माझा बाबा दगड आणायचा. एकदा मी प्रायमरी फाइव्हला असताना त्याची बोट इंग्लंडमध्ये, टेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, दुरुस्तीसाठी थांबली होती. तिथे शेपी नावाचं बेट आहे. त्याचे चिखलाचे कडे समुद्रात ढासळत राहतात आणि ओहोटी लागली की किनाऱ्यावर गोटे उघडे पडतात. बाबा पाय मोकळे करायला गेला होता. खांद्याला पिशवी लावून वाकून चालणारा एक म्हातारा त्याला भेटला, दोघांच्या गप्पा झाल्या, आणि निघताना म्हाताऱ्याने पिशवीतला एक गोटा त्याच्या हातावर ठेवला. मुठीपेक्षा थोडा मोठा, काळपट तपकिरी. एका बाजूने शेपटीची तीन वलयं आणि उजव्या नांगीचं टोक बाहेर आलेलं, बाकीचा प्राणी आत. म्हाताऱ्याने सिगरेटच्या पाकिटावर त्याचं नाव लिहून दिलं होतं, होप्लोपारिया. दिसायला आपल्या शेवंडासारखा, फक्त याला खेकड्यासारख्या नांग्या, वय पाच कोटी वर्षं. आणि हा एकटाच मेला होता असं नाही, त्या अख्ख्या प्रजातीतलं कुणीच आज पृथ्वीवर उरलेलं नव्हतं. बाबाने हे सांगितलं तेव्हा मी रडले होते म्हणे. मला आठवत नाही, पण शक्य आहे. त्या वयात मी कशावरही रडायची.

म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. हा गोटा कोरडा ठेव. त्याच्या आत लोखंड आणि गंधकाचं खनिज आहे, त्याला ओल लागली की दगड आतून कुजतो, फुटतो आणि शेवटी त्याची पावडर होते. समुद्रात जन्मलेल्या प्राण्याला पाणीच वर्ज्य. बाबाला ही गंमत फार आवडली होती, तो येईल त्याला सांगायचा. पण सिंगापुरात, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे कोरडं ठेवायचं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. आईने त्याला आपला सगळ्यात चांगला डबा दिला, चारही बाजूंनी खटके लागणारा, निळ्या झाकणाचा, ज्यात ती एरवी चकल्या ठेवायची. नव्या बुटांच्या खोक्यात, गोळ्यांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या ज्या जेलच्या पुड्या येतात, 'खाऊ नये' असं लिहिलेल्या, त्या मी वर्गभर मागत फिरायची. वर्गातल्या मुलींना वाटायचं मी येडी आहे. त्या पुड्या ओलसर झाल्या की आई छोट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून पुन्हा कोरड्या करायची. तोंडाने म्हणायची, या घरात माणसांपेक्षा दगडांचे लाड जास्त. पण करायची.

बाबाचा नियम होता, एका सुट्टीत एक पाय. म्हणजे एकदा घरी आला की त्या गोट्यातून प्राण्याचा एकच भाग मोकळा करायचा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, कपाळाला दिवा बांधायचा, लाकडी मुठीत बसवलेली जाड सुई घ्यायची आणि दगड टोकरत बसायचं. दोन तासांत तांदळाच्या दाण्याएवढा दगड निघायचा. मी लहान मुलांच्या मऊ दातब्रशने भुकटी झाडायची. खालच्या चौकात एक म्हातारे अंकल पिंजऱ्यातला पक्षी घेऊन बसायचे, तो पक्षी गात असायचा. जुनं सामान घेणारा माणूस रबरी भोंगा वाजवत जायचा. आमची सुई किर्र किर्र करत असायची. बाबा बोटीवरच्या गोष्टी सांगायचा, मी शाळेतल्या. समोरासमोर बसून आम्हाला कधी बोलता आलं नाही, दोघांचे डोळे त्या दगडावर असले की मात्र तोंड उघडायचं. मी विचारायची, आज तरी नांगी दिसेल ना? तो म्हणायचा, "पाच कोटी वर्षं थांबलाय तो. तुला कसली घाई गो?"

तो समुद्रावर असताना मला डबा उघडून बघायची परवानगी होती, सुई लावायची नव्हती. मी काही गुणाची मुलगी नव्हते. शाळेत खोटं बोलायची, एकदा मंदारिनच्या पेपरात कॉपी करताना सापडले होते. पण त्या गोट्याला मी सहा-सहा महिने टाचणीसुद्धा लावली नाही. हा माझ्या लहानपणातला एकमेव प्रामाणिकपणा, म्हणून नोंदवून ठेवते.

चार वर्षांत शेपूट सुटली, डाव्या बाजूचे चालायचे पाय सुटले, मिशांची मुळं दिसली, उजवी नांगी पूर्ण बाहेर आली. तिच्यावर बारीक पुटकुळ्या होत्या. बाबा म्हणाला, वेंगुर्ल्याच्या बंदरावर शेवंड उचलताना बोटांना टोचतं ना, ते हेच. आता फक्त डावी नांगी आत होती. त्या सुट्टीत आम्ही दोघं पुलाउ उबीन बेटावर गेलो. बमबोटीने, म्हणजे छोट्या लाकडी होडीने पलीकडे, मग भाड्याच्या सायकली. तिथल्या खारफुटीत चिखलाचे गुडघ्याएवढे ढीग होते, चिखलात राहणाऱ्या शेवंडांनी रातोरात उपसलेले. बाबा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "हे आपल्याचे लांबचे भाऊबंद," तो म्हणाला. "हे राहिले, तो गेला. का, ते कुणाला ठाऊक." परतीच्या बोटीत त्याने सांगून टाकलं की पुढच्या सुट्टीत डावी नांगी, आणि मग शेवंड पूर्ण. मग आपण तो तुझ्या शाळेत नेऊन दाखवू. मी म्हटलं, "कॅन लाह." त्या वयात माझ्या तोंडून आनंद याच शब्दांत बाहेर पडायचा.

आईला मात्र वेगळंच काही पूर्ण व्हायला हवं होतं. माझ्या प्रत्येक पालकसभेला ती एकटी गेली होती, मला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये एकटी बसली होती. त्या वर्षी तिने बाबाला स्पष्ट सांगितलं, मला नवरा हवा आहे, शंखशिंपले नकोत. आणि तेव्हाच बाबाच्या कंपनीच्या सिंगापूरच्या ऑफिसात जमिनीवरची एक जागा निघाली. बोटींच्या दुरुस्तीवर देखरेख करायची, रोज संध्याकाळी घरी यायचं. जागा एक आणि मागणारे बरेच. निर्णय करंदीकर सरांच्या हातात होता, ते तिथले मोठे साहेब. आपलेच, पुण्याचे. आईने ठरवलं, त्यांना जेवायला बोलवायचं. मलाही ती नोकरी हवी होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जशी वागले त्यावरून कुणाला वाटेल मला नको होती. मी देवापुढे उभं राहून ती मागत होते.

करंदीकर पती-पत्नी शुद्ध शाकाहारी. दोन दिवस आधीपासून आमच्या घरातून मासळीचा वास हाकलण्याची मोहीम चालली. खिडक्या उघड्या, उदबत्त्या, व्हिनेगर. आईने आळूवड्या केल्या, मसालेभात, श्रीखंड. एरवी बाबाला नावाने हाक मारणारी, अरे-तुरे करणारी आमची आयटीवाली आई त्या दिवशी सकाळपासून 'अहो' आणि 'हे' म्हणायचा सराव करत होती. मला हसू येत होतं. बाबा इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसला होता. त्याला इंजिनशी बोलता येतं, साहेबांशी नाही. सर प्रश्न विचारायचे, तो एका वाक्यात उत्तर द्यायचा आणि खोलीत शांतता पसरायची. ती शांतता भरून काढायला त्याने आपल्याकडची एकच चांगली गोष्ट बाहेर काढली. डबा उघडला आणि शेवंड दाखवला.

आणि मग बाबा बोलला, फार छान बोलला. बेट, म्हातारा, पाच कोटी वर्षं, एका सुट्टीत एक पाय. काकू ऐकताना वडी खायची विसरल्या. सरांनी गोटा हातात घेऊन दिव्याकडे धरला. "काय सुंदर आहे हो, सावंत."

"आवडला? न्या ना सर," बाबा म्हणाला.

आपल्या लोकांत हे वाक्य कुणी खरं धरत नाही. कुणी साडीला छान म्हटलं तर आपण म्हणतो, घेऊन जा. समोरचा म्हणतो, छे छे, तुम्हालाच शोभते. मग दोघंही चहा पितात. साडी कपाटातून हलत नाही. काकूंना ही रीत पक्की ठाऊक होती. त्या लगेच म्हणाल्या, "छे हो, मुलीचा आहे तो." इथे विषय संपायला हवा होता. पण सरांनी गोटा खाली ठेवला नव्हता. ते बाबाकडे बघत होते, आणि बाबाला ते बघणं कळलं.

"तिचं काय," बाबा हसत म्हणाला, "तिला दुसरा आणीन."

सरांनी शेवंड डब्यात ठेवला, झाकण लावलं, चारही खटके नीट दाबले. आईने तो डबा आणि उरलेल्या आळूवड्यांचा स्टीलचा डबा एकाच कापडी पिशवीत भरून दिला. आयुष्यात ज्यांनी शेवंडाला शिवलं नाही त्यांच्या घरी आमचा शेवंड गेला, तोही आळूवड्यांच्या शेजारी बसून. लिफ्टचं दार बंद झाल्यावर बाबा मला म्हणाला, "तुझ्यासाठीच करतोय ना सगळं." अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आम्हाला मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकवली होती. हरीने गाढवाला स्वतःची मुलगी आणि स्वतःची चार वर्षं नेऊन द्यावीत, हे त्या म्हणीत नव्हतं. मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आईने बाहेरून सांगितलं की दगडासाठी इतकं मनाला लावून घेऊ नये. तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिच्यासाठी तो दगडच होता.

गणपतीत करंदीकरांनी बुकित तिमाहच्या त्यांच्या कॉन्डोमध्ये बोलावलं. मुलाखत झालेली होती, निकाल त्याच आठवड्यात यायचा होता. दारात चपलांचा ढीग, आत शाडूचा गणपती, टाळांचा आवाज, उकडीच्या मोदकांवर साजूक तूप. हॉलच्या एका भिंतीला मोठी काचेची टाकी होती, समुद्राच्या पाण्याची, निळा दिवा लावलेली. पिवळे मासे इकडून तिकडे जात होते. त्यांच्या खाली पांढऱ्या वाळूवर, प्लॅस्टिकच्या पोवळ्याला टेकून आमचा शेवंड ठेवलेला होता. शेजारच्या नळीतून बुडबुडे निघत होते, ते त्याच्या उजव्या नांगीवरून वर जात होते.

मी काचेला नाक लावून उभी होते. काकू माझ्या मागे आल्या. बाईंच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं, हे मी तेव्हाही जाणत होते. "बघ," त्या म्हणाल्या, "तुमचा लॉबस्टर आम्ही परत पाण्यात सोडला. बरं वाटत असेल ना त्याला?" सर हसले, आजूबाजूचे दोघं-चौघं हसले. मी मान वळवली. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर, प्रसादाची वाटी धरून उभा होता. त्याने टाकीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेलेला मी पाहिला. मग तो हसला. साहेब हसतात तेवढंच, तसंच.

एक वाक्य पुरलं असतं. काकू, याला पाणी चालत नाही, कुजतो तो. एवढंच. चौदा वर्षांच्या मुलीने म्हटलं असतं तर कुणाचा अपमान झाला नसता, काकूंनी अय्या म्हणून लगेच हात घालून तो बाहेर काढला असता. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी बाबाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. आणि मला वाटलं, नाही. तू दिलास ना? आता बघ काय होतं त्याचं. तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. मी काकूंना म्हटलं, "सो नाइस, आंटी." आणि मोदक घ्यायला गेले. दोन खाल्ले. परतताना एमआरटीच्या गाडीत आई मोदकांच्या पाऱ्यांबद्दल बोलत होती. आम्ही दोघं दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत होतो.

आजवर मी हा प्रसंग बऱ्याच लोकांना सांगितला आहे आणि दर वेळी त्यात मी बिचारी, निष्पाप असते आणि बाबा भित्रा असतो. माझं ते वाक्य मी नेहमी गाळते. इथे पहिल्यांदा लिहिलं.

बाबाला नोकरी मिळाली. शेवंडामुळे मिळाली असं मी मानत नाही, त्याचं काम चांगलंच होतं. म्हणजे तो शेवंड फुकटच गेला, आणि हे मला जास्त लागतं. बाबा रोज संध्याकाळी सात वाजता घरी येऊ लागला. लिफ्टचा टिंग आवाज रोज व्हायचा, आई दारात जात नसे, तुकडा ओवाळत नसे. आमसुलं भिजत पडत नसत. तो लॅपटॉपची बॅग ठेवायचा, हात धुवायचा, फोनवर कुणाला तरी सर, सर म्हणत बाल्कनीत उभा राहायचा. जेवताना मला विचारायचा, शाळा काय म्हणते? मी म्हणायची, ओके. सहा महिने समुद्रावर असलेल्या बाबाला सांगायला माझ्याकडे ढीगभर गोष्टी साठायच्या, पण रोज समोर बसणाऱ्या बाबाला सांगण्यासारखं काही नव्हतं. कपाळाचा दिवा आणि सुई खणात तशीच होती. एका रविवारी तो टेबलावर वर्तमानपत्र पसरताना दिसला आणि मी हातातलं पुस्तक मिटून उठले. त्याला बुटांना पॉलिश करायचं होतं.

दिवाळीत काकू स्वतः आमच्या घरी आल्या. हातात आमचा निळ्या झाकणाचा डबा. काचेतून पाहावं तसं त्यातून आतलं दिसत होतं, चिवडा. आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आईने हसून घेतला, काकूंना फराळाचं दिलं. काकूंनी करंजी मोडता मोडता सांगितलं की तो दगड टाकीतलं पाणी फार गढूळ करायला लागला, म्हणून बाहेर काढून ओट्याच्या कडेला वाळत ठेवला. तर आठवड्याभरात त्याच्यावर पांढरं-पिवळं काहीतरी फुललं, भेगा पडल्या, गंधकासारखा वास यायला लागला. एके दिवशी पुसायला उचलला आणि हातातच भुगा झाला. "माफ करा हं," त्या म्हणाल्या, "मोलकरणीने झाडून टाकला शेवटी. नाजूक होता वाटतं." बाबा म्हणाला, अहो त्यात काय, दगडच तो.

त्या गेल्यावर आई भांडी आवरायला आत गेली. बाबाने डबा उघडला, दोन वाट्यांत चिवडा घातला आणि एक माझ्याकडे सरकवली. बऱ्याच महिन्यांनी आम्ही त्या टेबलावर एकाच वस्तूकडे बघत बसलो होतो. डावी नांगी कशी होती ते आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि हे आम्ही दोघंही एकाच वेळी मनात म्हणत होतो, हे मला पक्कं माहीत आहे. तो शेंगदाणे वेचत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी तू बोलशील असं वाटलं होतं मला."

"मला वाटलं तू बोलशील," मी म्हटलं.

त्याने वाटीतले उरलेले शेंगदाणे तोंडात टाकले. मग उठला, हात झाडले आणि बाल्कनीत फोन घ्यायला गेला.

पुढे एका परक्या शहरातल्या संग्रहालयात मी एक होप्लोपारिया पाहिला, काचेआड, दोन्ही नांग्यांसकट. मी पाहिला आणि पुढच्या दालनात गेले. बाबा आता वेंगुर्ल्याला असतो, मी फोन केला की हवा कशी आहे ते सांगतो. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तो चिवडा मात्र मी एकटीने संपवला, पंधरा-वीस दिवस, रोज शाळेतून आल्यावर. डबा खरंच चांगला होता. बाहेर पावसाने भिंतींना ओल आली होती, पण चिवडा शेवटच्या मुठीपर्यंत कुरकुरीत राहिला.